कोलारच्या सोन्याचा जमाखर्च



‘केजीएफ’, म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स, हे नाव सिनेमानं आपल्याकडे घरोघरी पोहोचवलं. सिनेमातली खाण कल्पनेतली आहे. मी आज बोलणार आहे खऱ्या खाणीबद्दल, तेही तिच्या जमाखर्चाबद्दल. कारण ही खाण नशिबानं चालली, ही समजूत मला अगदी चुकीची वाटते.

कापडगिरणीच्या मालकाला बाजाराकडे डोळे लावून बसावं लागतं. सोनं काढणाऱ्याला ती चिंता नव्हती. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनचं चलन सोन्याला बांधलेलं होतं. बावीस कॅरटच्या औंसाला ३ पौंड १७ शिलिंग ९ पेन्स, या भावानं बँक ऑफ इंग्लंडला सोनं विकत घ्यावंच लागे. आणाल तेवढं खपणार, पण भाव पैशानंही वाढणार नाही. मग नफा येणार कुठून? खर्च कमी करण्यातूनच. कोलारचा सगळा इतिहास या एका गोष्टीत आहे.

म्हैसूर संस्थानातल्या कोलारला सोनं आहे हे गावकऱ्यांना पूर्वापार ठाऊक होतं. १८०२ साली लेफ्टनंट जॉन वॉरननं बक्षीस लावलं, तेव्हा गावकऱ्यांनी गाडीभर माती आणून त्याच्यासमोर धुतली आणि सोन्याचे कण काढून दाखवले. पुढे न्यूझीलंडच्या लढाईवरून परतलेला मायकेल लॅव्हेल हा आयरिश शिपाई बंगळूरला स्थायिक झाला. त्यानं १८७३मध्ये परवान्यासाठी अर्ज केला आणि १८७५मध्ये त्याला पट्टा मिळाला. पण पैसा कमी पडला आणि त्याचे हक्क दुसऱ्यांकडे गेले.

१८८०च्या सुमारास लंडनमध्ये दक्षिण हिंदुस्थानातल्या सोन्याचं वेडच लागलं. वायनाडच्या जंगलात सोनं आहे म्हणून कंपन्यांवर कंपन्या निघाल्या. खडकात किती सोनं आहे हे न पाहताच यंत्रं जहाजांवर चढली आणि भागधारकांचा पैसा बुडाला. कोलारची म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनी याच लाटेत, १८८०मध्ये निघाली. १८८३पर्यंत तिचंही बहुतेक भांडवल संपलं होतं आणि कंपनी गुंडाळावी असाच बहुतेकांचा कल होता.

इथं जॉन टेलर अँड सन्स या व्यवस्थापक पेढीचं वेगळेपण दिसतं. कॉर्नवॉल आणि डेव्हनच्या तांब्याच्या खाणींत मुरलेलं हे घराणं. मेक्सिकोत रियाल देल मोंतेच्या चांदीनं त्यांचे हात चांगलेच पोळले होते, १८४९मध्ये तिथून त्यांना बाहेर पडावं लागलं होतं. बुडालेली खाण आणि अजून खालपर्यंत न गेलेली खाण यांतला फरक त्यांना कळत होता. उरलेला पैसा वाटून न टाकता खाली खोदण्यात घालावा, असं त्यांनी भागधारकांना पटवलं. त्यांचा माणूस कॅप्टन प्लमर जुन्या खाणकामाच्या खुणांखाली उतरला आणि चॅम्पियन रीफ ही सोन्याची शीर हाती लागली. मला यात जुन्या खाणकऱ्यांचाही मान दिसतो. नेमकी जागा त्यांनीच दाखवून ठेवली होती.

मग त्याच शिरेवर एकेक कंपनी उभी राहिली: म्हैसूर, चॅम्पियन रीफ, ऊरगाम, नंदीदुर्ग, बालाघाट. भागधारक वेगळे, पण कारभार टेलरांचा. त्यामुळे पाणी, इस्पितळ, रस्ते यांचा खर्च वाटला गेला. १८९४मध्ये बाउरिंगपेठहून मारिकुप्पमपर्यंत रेल्वे आली.

पहिला मोठा खर्च खडकातून सोनं वेगळं करण्याचा. कारखान्यात काय चाले ते पाहू. लोखंडी मुसळांखाली खडकाचं पीठ व्हायचं. ते पाण्याबरोबर पारा चोपडलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहायचं. सोनं पाऱ्याला धरून बसे. तो लगदा खरवडायचा, तापवायचा, पारा उडवायचा. तरी बरंच सोनं वाळूत राहून जाई. १८८७च्या सुमारास ग्लासगोत सायनाइडची पद्धत निघाली. सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळतं आणि जस्तानं परत मिळतं. १८९०च्या दशकात कोलारनं ती उचलली. टाकून दिलेल्या ढिगांनाही मोल आलं.

दुसरा मोठा खर्च इंधनाचा. वाफेच्या इंजिनांना लाकूड आणि लांबून आणलेला कोळसा लागे. म्हैसूर संस्थानानं दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात कावेरीवर शिवनसमुद्र इथं वीजकेंद्राचं काम हाती घेतलं. १९०२मध्ये सुमारे १४७ किलोमीटर तारांवरून वीज खाणीत आली. तेव्हाच्या जगातल्या सर्वांत लांब वीजवाहिन्यांपैकी ही एक. वीज विकत घेण्याची हमी खाणींनी आधीच दिली होती, म्हणून संस्थानाला या कामात पैसा घालता आला. बंगळूर शहरात विजेचे दिवे लागले १९०५मध्ये. त्याच वर्षी कोलारचं उत्पादन सहा लाख औंसांच्या वर गेलं.

तिसरा खर्च मजुरीचा, आणि तो हिशोब मला अस्वस्थ करतो. सोनं विकलं जाई पौंडांत, मजुरी मिळे चांदीच्या रुपयांत. १८७०च्या सुरुवातीला रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग पडत. चांदीचा भाव घसरत गेला आणि १८९२–९३च्या सुमारास रुपया सव्वा शिलिंगावर आला. मजुराच्या हातात तेवढेच रुपये पडले, तरी लंडनच्या वहीत त्याची मजुरी बरीच स्वस्त झाली. एक टिकाव न मारता झालेला हा नफा लाभांशातून विलायतेत गेला. म्हैसूर दरबाराला मिळे ती सोन्याच्या किमतीवर पाच टक्के रॉयल्टी.

हे मजूर बहुतांशी उत्तर अर्काट भागातून आलेले तमिळ दलित. तट्ट्यांच्या खोपट्यांत राहायचं, खडकाची धूळ छातीत घ्यायची आणि पाळी संपली की झडती द्यायची. खाण पुढे तीन किलोमीटरहून खोल गेली. तेवढ्या दाबाखाली खडक अचानक फुटे आणि माणसं गाडली जात. १९३०मध्ये अंगठ्याच्या ठशाची सक्ती आली तेव्हा याच माणसांनी संप केला. गुन्हेगारासारखी नोंद त्यांना मान्य नव्हती. कंपनीच्या इतिहासात टेलर आणि प्लमर यांच्याइतकीच जागा मी या संपाला देईन.

एक आपल्याकडचा धागा सांगतो. १९६५मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच खाणीत खोलवर उपकरणं बसवून वातावरणातल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. भागधारकांच्या पैशानं आणि मजुरांच्या हातांनी खोदलेली खोली विज्ञानाला उपयोगी पडली.

१९५६मध्ये खाणी म्हैसूर सरकारनं घेतल्या, पुढे त्या केंद्राकडे गेल्या. खोली वाढली, खडकातलं सोनं कमी झालं, खर्च आवरेना. सुमारे १२० वर्षांत ८०० टनांच्या आसपास सोनं देऊन २८ फेब्रुवारी २००१ रोजी काम थांबलं. सायनाइडच्या मातीचे डोंगर वस्तीला लागून अजून उभे आहेत. वारा सुटला की त्यांची धूळ घरांत येते. खाण कामगारांची मुलं-नातवंडं रोज पहाटे मारिकुप्पमहून गाडी पकडून बंगळूरला कामाला जातात.