बालकृष्ण ते खाँसाहेब

(निंबोला, जि. बुऱ्हाणपूर येथे शिक्षक, लेखक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साहित्याच्या व्यासपीठावर सिनेमानटाची कारकीर्द हा विषय काहींना हलका वाटेल. मला तसं वाटत नाही. नट हा भाषेचा वापरकर्ता असतो, आणि बालनट तर अक्षरओळख होण्याआधीच भाषेचा वापर करू लागतो. पाच वर्षांच्या मुलाला संहिता वाचता येत नाही. कोणीतरी वाक्य म्हणून दाखवतं, तो ते कानाने उचलतो, त्यातला चढउतार धरतो आणि कॅमेऱ्यासमोर परत करतो. कीर्तनाच्या मागे उभ्या राहणाऱ्या पोराचं शिक्षण असंच होत असे. त्यामुळे बालनटाच्या कारकिर्दीकडे मी भाषाशिक्षणाची एक हकीकत म्हणून पाहतो.

आपल्याकडे ही परंपरा सिनेमाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधला रोहिताश्व हा त्यांचाच मुलगा भालचंद्र. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मधला कृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी. हे मूकपट, म्हणून तिथे भाषेचा प्रश्न नव्हता. बोलपट आला आणि भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये (१९३२) अहमदनगरच्या एका ख्रिस्ती घरातला मुलगा, शाहू मोडक, कृष्ण झाला. हाच मुलगा पुढे १९३९ च्या ‘माणूस’मध्ये पोलीस शिपाई गणपत झाला आणि १९४० मध्ये ज्ञानेश्वर. कृष्ण ते ज्ञानेश्वर हा प्रवास आठ वर्षांत! बहुतेक बालनटांना आवाज फुटल्यावर लोक विसरतात. मोडकांना विसरले नाहीत, कारण त्यांची वाणी स्वच्छ होती आणि ती वयाबरोबर मुरत गेली असं माझं मत आहे.

भालजींनीच १९३५ मध्ये ‘कालिया मर्दन’ बोलपट म्हणून केला. त्यात कृष्ण झालेल्या मुलाचं नाव वसंत देशपांडे. तेच पुढचे पंडित वसंतराव देशपांडे. हे नाव लक्षात ठेवा, आपल्याला शेवटी त्यांच्याकडे यायचं आहे.

आता आजचा मुख्य विषय : सचिन पिळगांवकर. जन्म १७ ऑगस्ट १९५७. राजा परांजप्यांचा ‘हा माझा मार्ग एकला’ १९६३ चा. तेव्हा सचिन जेमतेम पाच-सहा वर्षांचा. (बालसचिनला मी ‘तो’ म्हणेन आणि मोठ्या सचिनना ‘ते’. मराठीत हा बदल नेमका कोणत्या वर्षी करायचा, हा व्याकरणाचा नाही, जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. अनेक प्रेक्षक अजून ‘तो’च म्हणतात.) लगेच हिंदी चित्रपट मिळू लागले. हृषिकेश मुखर्जींच्या ‘मझली दीदी’त (१९६७) मीनाकुमारींसोबत काम केलं. उर्दूचे धडे मीनाकुमारींकडे घेतल्याचं ते मुलाखतींत सांगत आले आहेत, आणि इतक्या वेळा सांगत आले आहेत की त्यावर थट्टाही चालते. थट्टा बाजूला ठेवू. मराठी घरातलं एक पोर आपल्या वयाच्या मुलांपेक्षा वेगळ्या शाळेत शिकत होतं, आणि त्या शाळेत पाटी-पेन्सिल नव्हती, एवढं आपल्या कामाचं आहे.

१९७५ हे वर्ष पाहा. ‘शोले’त सचिन इमामसाहेबांचा मुलगा अहमद झाले. आपल्या राज्यातल्या श्रोत्यांनी लक्षात ठेवावं की तो मुलगा बिडी कारखान्यातल्या नोकरीसाठी जबलपूरला निघालेला असतो आणि वाटेतच मारला जातो. भूमिका लहानशीच, पण त्या गावावर गब्बरची खरी दहशत बसते ती या पोराच्या प्रेताने. त्याच वर्षी राजश्रीचा ‘गीत गाता चल’ आला आणि बालनट नायक झाला. पडद्यावर गात होते सचिन, गळा होता जसपाल सिंहांचा.

त्या चित्रपटाची नायिका सारिका. त्याही बालकलाकार, ‘बेबी सारिका’. पडद्यावर मुलाच्याही भूमिका त्यांनी केल्या. आपल्याला शाळेत जायला मिळालं नाही, हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. एका फ्रेममध्ये उभी असलेली ही दोन मुलं. दोघांचं बालपण कॅमेऱ्यासमोर गेलं, पण दोघांच्या वाट्याला ते सारखं आलं नाही. सारिकांना पुढे ‘परझानिया’साठी उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणून शाळेचा हिशेब मिटतो असं मी मानत नाही.

दक्षिणेतही हेच दिसतं. कमल हासन १९६० च्या ‘कळत्तूर कण्णम्मा’ या तमिळ चित्रपटातून बालनट म्हणून आले, आणि १९७८ मध्ये ‘मरो चरित्र’ या तेलुगू चित्रपटाचे नायक झाले. कथा काय? तमिळ मुलगा, तेलुगू मुलगी, मध्ये भाषेची भिंत. श्रीदेवींनीही लहानपणापासून तमिळ, तेलुगू, मलयाळम असा प्रवास केला. बालनटाला राज्याची सीमा ठाऊक नसते. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

सचिन यांची हिंदीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी भूमिका १९८२ च्या ‘नदिया के पार’मधला चंदन. केशवप्रसाद मिश्रांच्या ‘कोहबर की शर्त’ या कादंबरीवरचा चित्रपट, बोली पूर्व उत्तर प्रदेशाची. मुंबईचा मराठी मुलगा तिथल्या प्रेक्षकांना आपल्या गावचा वाटला. त्याच १९८२ मध्ये त्यांनी ‘मायबाप’ दिग्दर्शित केला. म्हणजे एका भाषेत लोकप्रियतेच्या शिखरावर असताना हा माणूस दुसऱ्या भाषेत, आपल्या भाषेत, कॅमेऱ्यामागे गेला. कारकीर्द तिथे वाचली, असं मी म्हणेन. नुसत्या गोड चेहऱ्यावर विसंबलेले बालनट पस्तिशीला रिकामे होतात. ज्यांनी सेटवर इतरांचं काम पाहून घेतलं, ते उरतात. १९८४ चा ‘नवरी मिळे नवऱ्याला’, १९८७ चा ‘गंमत जंमत’, १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ ही त्याची फळं. ‘बनवाबनवी’ची मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची (१९६६). वसंत सबनीसांच्या लेखणीने ती इतकी मराठी केली की मूळ चित्रपट शोधून पाहावा लागतो. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत मुलांच्या कानावर प्रमाण मराठी पडली ती याच चित्रपटातून. पाठ्यपुस्तकाचं श्रेय मला इथे फार देता येत नाही.

आणि मग २०१५. ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब वसंतराव देशपांडे. सुबोध भावे यांनी चित्रपट केला तेव्हा खाँसाहेब झाले सचिन, आणि त्यांच्या तोंडची बहुतेक गाणी गायली वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. रंगमंचावरचा खाँसाहेब १९३५ चा बालकृष्ण, पडद्यावरचा खाँसाहेब १९६३ चा बालनट. हा योगायोगच, पण खाँसाहेबांच्या बोलण्यातली उर्दूकडे झुकलेली मराठी ऐका. लहानपणी कानाने घेतलेली भाषा पन्नास वर्षांनी कामाला आली, ती अशी.

इथल्या पालकांसाठी थोडं व्यवहाराचं बोलतो. सचिन-सारिकांच्या काळात बालनटाला कायद्याचं संरक्षण जवळजवळ नव्हतं. आता आहे. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ चे नियम आले. त्यानुसार निर्मात्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. सलग २७ दिवसांहून अधिक काम नाही. मिळकतीचे किमान २० टक्के मुलाच्या नावावर मुदत ठेवीत. आणि शाळा बुडता कामा नये. आता मोबाइलवर मुलांना नाचवून पैसे कमावणारे आईवडील हे नियम कधी वाचतात का? गावातल्या शिक्षकांनी हा प्रश्न पालकसभेत जरूर काढावा. ऐकून कोणी रागावलं तरी काढावा.

विद्यार्थ्यांना एक काम देतो. ‘कट्यार’ पुन्हा पाहा आणि खाँसाहेबांच्या तोंडचे, आपल्या आजीच्या बोलण्यातही येणारे शब्द लिहून काढा. बुऱ्हाणपुरात मराठी, हिंदी, निमाडी आणि उर्दू एकाच बाजारात बोलल्या जातात, तेव्हा यादी लहान होणार नाही. आणखी एक. सचिन यांचं आडनाव हिंदीत ‘पिलगांवकर’ होतं, ‘ळ’ गळून पडतो. आपल्या गावाचं नाव पाटीवर ‘निंबोला’ आहे. घरातली म्हातारी माणसं ते ‘ल’ने म्हणतात की ‘ळ’ने, हे कान देऊन ऐका आणि त्यांच्या वयासह लिहून आणा. पुढच्या महिन्यात मी वह्या तपासायला येईन.