मनगटावरचा मुकादम



आयोजकांनी मला विषय दिला, नवं तंत्रज्ञान आणि आपण. असल्या विषयावर बोलणारे दोनच प्रकारचे लोक मी पाहिलेत. एक येतो आणि सांगतो, हातात फोन आला, आता जात गेली, आता सगळे सारखे. दुसरा येतो आणि सांगतो, यंत्राने माणसाचं वाटोळं केलं, चला परत खेड्यात. ह्या दुसऱ्याला विचारा, बाबा, खेड्यात तुझं घर कुठल्या बाजूला होतं? आमचं गावकुसाबाहेर होतं. आम्हाला परत जायची हौस नाही.

यंत्राबद्दल आपली बाजू बाबासाहेबांनी १९४५ सालीच लिहून ठेवलीय. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, त्या पुस्तकात. गांधीवादी लोक यंत्राला शिव्या देत होते तेव्हा बाबासाहेब म्हणत होते की यंत्र पाहिजे, कारण यंत्राशिवाय राबणाऱ्या माणसाला फुरसत नाही, आणि फुरसतीशिवाय माणूस जनावराच्या पातळीवरून वर येत नाही. दोष यंत्राचा नव्हे, यंत्राचा फायदा मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा. म्हणजे आपल्याला विचारायचा प्रश्न सोपा आहे. यंत्र आलं, ठीक. फुरसत कुणाला मिळाली?

सगळ्या यंत्रांबद्दल बोलायला बसलो तर रात्र जाईल. मी एकच वस्तू घेतो. घड्याळ. इथे बसलेल्या निम्म्या पोरांच्या मनगटावर आहे ते. स्मार्टवॉच. २०२२-२३ च्या सुमाराला ह्याची अशी लाट आली की दीड-दोन हजारात कुठल्याही कोपऱ्यावर मिळायला लागलं. नॉइझ, बोट, फायर-बोल्ट. लग्नात आहेर म्हणून द्यायला लागले लोक. २०२४ मध्ये विक्री बरीच पडली, तो भाग वेगळा. वस्तू घराघरात शिरायची ती शिरलीच.

आत काय असतं त्यात? खाली हिरवा दिवा चमकतो तो बघा कधी. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की नाडीत रक्त वाढतं, उजेड कमी परततो. ठोका सरला की जास्त परततो. हे मोजलं की झाले हृदयाचे ठोके. शिवाय हालचाल ओळखणारी एक चिप असते, तिच्यावरून पावलं मोजतात. महागड्या घड्याळात जीपीएस आणि सिमकार्ड. रोज दहा हजार पावलं चाला म्हणून ते तुम्हाला टोचत असतं ना? हा दहा हजारचा आकडा कुठल्या डॉक्टरने शोधून काढलेला नाही. १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं मीटर ठेवलं. जाहिरात होती ती. आज साठ वर्षांनी आख्खं जग त्या जाहिरातीमागे चालतंय.

असो. हे झालं बाबू लोकांचं घड्याळ. आता दुसरं घड्याळ.

२०२० सालापर्यंत नागपूर, चंडीगड, पंचकुला असल्या शहरांतल्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर घड्याळं बांधली. त्यातही जीपीएस, त्यातही सिमकार्ड. काहींत माइक आणि कॅमेरा. सुटे भाग तेच, दुकान तेच. फरक एवढाच की साहेबाच्या घड्याळाचा पडदा साहेबाकडे असतो, कामगाराच्या घड्याळाचा पडदा ऑफिसात. नकाशावर एक ठिपका हलतो. ठिपका बीटाच्या बाहेर गेला की पगार कापायचा. चंडीगडला, पंचकुल्याला कामगार रस्त्यावर आले याच्याविरुद्ध. बाया म्हणाल्या, संडासला जाताना ह्याचं काय करायचं? कोण बघतंय आम्हाला कसं कळणार? ह्या प्रश्नाला कुठल्या इंजिनियरकडे उत्तर आहे?

ठिपका म्हणजे कोण, हे मी तुम्हाला सांगायला नको. झाडू, गटार, कचरा हे काम ह्या देशात कुणाच्या वाट्याला आलं ते पुस्तकात वाचायची आपल्याला गरज पडली नाही. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या त्या न झालेल्या भाषणात दाखवून दिलं होतं की जातीत नुसतं काम वाटलेलं नसतं, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडून खालीवर रचलेली असतात. आता त्या रचनेला जीपीएस बसवलाय. ज्या महापालिकेत अभियंता किती वाजता टेबलावर येतो ते देवाला ठाऊक नसतं, तिथे झाडूवालीचं दर मिनिटाचं अक्षांश-रेखांश लिहिलेलं असतं.

माझी आई एका नगरपालिकेत झाडते. नाव घेत नाही, तिची अजून चार वर्षं नोकरी आहे. तिला हे घड्याळ मिळालं तेव्हा पहिले दोन दिवस तिला बरं वाटलं. पोरांसारखं घड्याळ मला पण, म्हणाली. तिसऱ्या दिवशी साडेदहाला बॅटरी उतरली. घरी रात्रभर चार्जिंगला लावलेलं, पण आमच्या वस्तीत लाइट किती वाजता जाते हे घड्याळ बनवणाऱ्याला माहीत नव्हतं. ठिपका विझला. महिन्याअखेर तिच्या हजेरीत अर्धा खाडा. ती बीटावर होती, मुकादमाने डोळ्यांनी पाहिली होती, शेजारच्या दुकानदाराने पाहिली होती. मुकादम म्हणतो, बाई, मी काय करू, सिस्टममध्ये दिसत नाही.

दोस्तहो, ह्या वाक्याकडे लक्ष द्या. पूर्वीचा मुकादम हरामखोर होता, कबूल. पैसे खायचा, बायांवर नजर ठेवायचा, शिव्या द्यायचा. पण तो एका जागी सापडायचा. चौकीवर मोर्चा नेला की दार आतून लावायचा, म्हणजे घाबरायचा. चार बाया पुढे झाल्या की त्याला खाडा खोडावा लागायचा. आज तोच मुकादम निर्दोष चेहरा करून बसलाय, आणि खाडा मांडणारा कुठल्या शहरातल्या सर्व्हरवर आहे पत्ता नाही. खाडा हाताने मांडलेला असला तर खोडता येतो. सिस्टमने मांडला की तो विज्ञान होतो. आईचा खाडा मी सहा हेलपाटे घालून खोडून आणला. ठेकेदाराच्या पोराला मी विचारलं, घड्याळाची नोंद दाखव. म्हणाला, ती आम्हालाही देत नाहीत. मग मी म्हटलं, मग कापलं कशावरून? तेव्हा कुठे.

आता कुणी म्हणेल, कायदा आहे. आहे ना. २०२३ साली खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. तुमची माहिती घ्यायची तर तुमची संमती पाहिजे, असं त्याचं तत्त्व. फार छान. आता कलम ७ वाचा. नोकरीच्या कामासाठी मालकाने माहिती वापरली तर संमतीची गरज नाही. म्हणजे चपलांच्या दुकानाने तुझा नंबर घ्यायचा तर तुला विचारायचं, आणि तुझं आख्खं अंग आठ तास नकाशावर ठेवायचं तर विचारायचं नाही. वकील मित्रांना माझं सांगणं आहे की ह्या एका कलमावर आपण काम करू. कामगाराची संमती हा फार्स असतो हे मलाही कळतं, नोकरी पाहिजे तर सही कर. पण निदान नोंद बघायचा हक्क तरी?

घड्याळ म्हणजे महापालिकाच, असं समजू नका. तुमच्यातले किती जण लाल, नारंगी, पिवळे टी-शर्ट घालून डिलिव्हरी करता? हात वर करू नका, राहू दे. तुमचं घड्याळ खिशात असतं इतकंच. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ सालचे ७७ लाख गिग कामगार मोजलेत आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील म्हटलंय. ह्यांना कामगार म्हणत नाहीत, पार्टनर म्हणतात. शब्दाची गंमत बघा. हरिजन म्हटलं की देवाची लेकरं झालो, पार्टनर म्हटलं की मालक झालो. हातात काय पडतं ते सारखंच.

आणि १९ मार्च २०२४ ची तारीख लिहून ठेवा. झोमॅटोने जाहीर केलं, शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी वेगळा ताफा. वेगळी पोरं, हिरवा ड्रेस, हिरवा डबा. शुद्ध! दुसऱ्या दिवशी ओरड झाली तेव्हा मालकाने हिरवा ड्रेस मागे घेतला, सगळे लालच घालतील म्हणाला. ताफा वेगळा ठेवलाच, रंग तेवढा काढला. ड्रेस मागे घ्यायचं कारण काय दिलं? लाल ड्रेसवाल्या पोरांना एखाद्या सोसायटीने सणावाराला गेटवर अडवू नये म्हणून. म्हणजे सोसायट्या काय करतील हे कंपनीला नीट ठाऊक होतं. विटाळ म्हणजे जुन्या काळची गोष्ट, असं कॉलेजात आपल्याला सांगतात. इथे तो पडद्यावर बटण होऊन आला, आणि एका रात्रीत आला.

ह्या कंपन्यांचे प्रोग्राम लिहिणारे कोण आहेत, ते बघायला आपण समुद्रापलीकडे जाऊ. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर दावा लावला, की तिथल्या एका दलित इंजिनियरला वरच्या जातीच्या भारतीय वरिष्ठांनी जातीवरून वागवलं. त्या दोघा वरिष्ठांविरुद्धचा दावा खात्याने एप्रिल २०२३ मध्ये मागे घेतला, कंपनीवरचा तेव्हा ठेवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसं विधेयक पास केलं, ते ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं. कोर्टात काय ठरेल ते ठरो. मुद्दा असा की संगणकाच्या राजधानीत माणूस पोचला तरी आडनाव विचारणारे त्याच्या आधी पोचलेले होते.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्राबद्दल दोन शब्द. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू ह्या दोन काळ्या संशोधक बायांनी मोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम तपासले. चेहरा पाहून बाई की पुरुष एवढंच सांगायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शंभरात एकाहून कमी. काळ्या बायांच्या बाबतीत एका प्रोग्रामची चूक ३४ टक्क्यांवर गेली. कारण बहुधा साधं. शिकवायला जे फोटो दिले त्यात काळ्या बाया फारच कमी असाव्यात. आपल्याकडे रोजगार हमीवर जानेवारी २०२३ पासून ॲपवर फोटो काढून हजेरी सक्तीची झाली. उन्हात काळीठिक्कर पडलेली बाई, डोक्यावर पदर, रेंज नाही. फोटो गेला नाही तर रोज बुडाला.

आता मला सांगा, ह्या देशाला यंत्र बनवता येत नाही का? येतं. केरळच्या पोरांनी मॅनहोल साफ करणारं यंत्र बनवलं, बँडिकूट. २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला ते उतरलं सुद्धा. माणूस वर उभा राहतो, यंत्र खाली जातं. गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मेला तर दहा लाख द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं, तीस लाख द्या. रक्कम वाढत गेली, कारण माणसं मरत राहिली. आणि ह्याच वर्षांत, २०२१ पासून, दुसरीकडे भांडवलदारांनी हजारो कोटी ओतले ते कशात? दहा मिनिटांत कोथिंबीर घरी पोचवायच्या धंद्यात. साहेबाची कोथिंबीर दहा मिनिटं थांबू शकत नाही. गटाराचं यंत्र थांबू शकतं, कारण खाली उतरणारा स्वस्त आहे. सफाई कामगाराच्या अंगावर पहिलं यंत्र चढवलं ते त्याच्यावर पहारा ठेवणारं. त्याचा जीव वाचवणारं यंत्र टेंडरमध्ये.

म्हणून घड्याळ फोडून टाका असं मी म्हणणार नाही. फोडलं तर त्याचे पैसे पगारातून जातात, आई सांगेल तुम्हाला. पण कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांचा कायदा केला, त्यात काय आहे बघा. आयडी बंद करायचा तर लेखी कारण आणि चौदा दिवसांची नोटीस. काम वाटणारं, नजर ठेवणारं यंत्र कसं चालतं ते कामगाराला कळलं पाहिजे. दर व्यवहारावर कल्याण निधीसाठी एक ते पाच टक्के. राजस्थानने २०२३ मध्येच सुरुवात केली होती. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, ती २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली, तिच्यात पार्टनरला निदान नाव मिळालं. हे कायदे कुणी ताटात वाढलेले नाहीत. पोरांनी ॲप बंद ठेवून, रस्त्यावर बसून मिळवले. १९४२ नंतर बाबासाहेब मजूर मंत्री असताना आठ तासांची गोष्ट पुढे आली आणि १९४६ साली कारखान्यात आठवड्याला ४८ तास ठरले. तेव्हा तास मोजणारं घड्याळ कारखान्याच्या भिंतीवर होतं, सगळ्यांना दिसायचं.

आपण मागायचं काय? माझ्या डोक्यात आहे ते सांगतो, तुम्ही दुरुस्त करा. घड्याळाची नोंद महिन्याला कागदावर कामगाराच्या हातात मिळाली पाहिजे, मराठीत. बॅटरी, रेंज, लाइट गेली तर खाडा लागता कामा नये, सिद्ध करायचं ओझं ठेकेदारावर. कॅमेरा-माइक असलेलं यंत्र बाईच्या अंगावर नको, कुठल्याही कारणाने नको. आणि जे घड्याळ झाडूवालीला, तेच आरोग्य अधिकाऱ्याला, आयुक्ताला. हे शेवटचं मागून बघा फक्त. एका आठवड्यात त्यांना माणसाच्या खासगी आयुष्याची महती कळेल.

येत्या रविवारी दहा वाजता इथेच बसू. ज्यांच्या घरात कुणी घड्याळ बांधून कामाला जातं त्यांनी गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणा. डिलिव्हरीवाल्यांनी ज्या दिवशी आयडी बंद झाला त्या दिवसाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुसू नका. आणि वस्तीत लाइट कधी कधी गेली ह्याची एक वही आपण आजपासून ठेवतोय. कुणी एकाने ती सांभाळायची आहे, नाव सांगा.