शिकाऊ मोटारचालक आणि विम्याचे छत्र

(बालाघाट, मध्यप्रदेश येथील मराठी भाषिक नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैनगंगेच्या काठच्या या जिल्ह्याचे महाराष्ट्राशी असलेले नाते जुने आहे. भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे काही भाग एकत्र करून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बालाघाट जिल्हा अस्तित्वात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत नागपूर हीच या प्रदेशाची राजधानी होती. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या. परंतु सोयरीक, बाजार आणि दवाखाना यांच्या वाटा बदलल्या नाहीत. एम.पी. ५० अशी अक्षरे असलेली मोटार गोंदियाच्या बाजारपेठेत आणि एम.एच. ३५ अशी अक्षरे असलेली मोटार बालाघाटच्या रस्त्यावर दिसली तर कोणास नवल वाटत नाही. अशा घरच्या मोटारीवरच मुलगा, मुलगी किंवा सून मोटार चालविण्याचे पहिले धडे घेते.

शिक्षणाच्या या काळात अपघात झाला तर भरपाई कोणी द्यावयाची, हा प्रश्न मात्र बहुधा अपघात घडल्यानंतरच विचारला जातो. मोटारीचा विमा वडिलांच्या नावाने आहे, चालविणारी मुलगी शिकाऊ आहे, मग विमा कंपनी जबाबदारी घेईल काय? चाचणी परीक्षा होईपर्यंतच्या दोन-चार महिन्यांसाठी मुलीच्या नावाने वेगळा विमा उतरविला पाहिजे काय? या शंका रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे प्रत्येक मोटारमालकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

थोड्या मुदतीच्या वेगळ्या विम्याची पद्धत इंग्लंडमध्ये रूढ आहे. त्या देशात १९३० च्या कायद्याने त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा सक्तीचा झाला आणि १९३५ पासून नव्या चालकांना चाचणी व शिकाऊ चालकांना ‘एल’ अक्षराची पाटी आवश्यक ठरली. तेथील विमा मुख्यतः चालकाच्या नावाशी जोडलेला असतो. म्हणून वडिलांची मोटार चालवू इच्छिणाऱ्या शिकाऊ मुलाचे नाव वडिलांच्या विमापत्रात घालावे लागते, अथवा त्याच्यासाठी काही दिवसांचा वा महिन्यांचा स्वतंत्र विमा घ्यावा लागतो.

भारतातील व्यवस्था निराळी आहे. येथे विमा चालकाचा नसून वाहनाचा असतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. त्याची जागा घेणारा १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम १४६ अन्वये त्रयस्थांच्या जोखमीचा विमा असल्याशिवाय कोणतेही वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. तसे केल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. वाहन विमा उतरविलेले असेल, तर ते चालविण्यास पात्र असणारी कोणतीही व्यक्ती मालकाच्या अनुमतीने ते चालवू शकते. या पात्र व्यक्तींमध्ये शिकाऊ चालकाचाही समावेश होतो. खाजगी मोटारीच्या विमापत्रात ‘चालकाविषयीचे कलम’ असते. ते बारीक अक्षरांत छापलेले असल्याने सहसा कोणी वाचत नाही. ग्राह्य शिकाऊ अनुज्ञप्ती असलेल्या व्यक्तीलाही हे वाहन चालविता येईल, मात्र तिने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ च्या अटी पाळल्या पाहिजेत, असा त्या कलमाचा आशय आहे. तेव्हा वेगळ्या विम्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती या नियम ३ च्या अटी समजून घेण्याची. कारण विम्याचे छत्र त्या अटींवरच उभे आहे.

पहिली अट अशी की, शिकणाऱ्याजवळ ग्राह्य शिकाऊ अनुज्ञप्ती, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘लर्निंग लायसन’, असले पाहिजे, आणि तेही त्याच प्रकारच्या वाहनाचे. मोटारसायकलीच्या लायसनवर मोटार शिकता येत नाही. दुसरी अट अशी की, ते वाहन चालविण्याचे पक्के लायसन असलेली व्यक्ती शिक्षक म्हणून सोबत असली पाहिजे व वाहन आवरता किंवा थांबविता येईल अशा जागी ती बसलेली असली पाहिजे. मागच्या आसनावर बसलेले काका ही अट पूर्ण करीत नाहीत. तिसरी अट पाटीची. वाहनाच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगात इंग्रजी ‘एल’ हे अक्षर असावे. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस असावी. अक्षराची उंची किमान १० सेंटिमीटर, जाडी २ सेंटिमीटर आणि तळाशी रुंदी ९ सेंटिमीटर असावी. मोटारसायकल शिकताना शिक्षकाखेरीज अन्य कोणासही मागे बसविता येत नाही.

शिकाऊ अनुज्ञप्ती देशभर चालते. बालाघाटला मिळालेली अनुज्ञप्ती घेऊन शिक्षकासह गोंदियाला जाण्यास हरकत नाही. परंतु तिची मुदत सहा महिन्यांची आहे. अनुज्ञप्ती मिळाल्यापासून किमान तीस दिवस झाल्यावाचून पक्क्या लायसनच्या चाचणीला बसता येत नाही. चाचणीत अपयश आल्यास सात दिवसांनंतर पुन्हा बसता येते. धानाची रोवणी, कॉलेजच्या परीक्षा, घरचे लग्नकार्य अशा कारणांनी चाचणी लांबणीवर पडते आणि सहा महिने केव्हा उलटले हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. वाहनाच्या विम्याला वर्षाची मुदत असते; १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी त्रयस्थ जोखमीचा विमा तीन वर्षांचा व नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा करण्यात आला. विम्याची मुदत अशी पुष्कळ शिल्लक असते, पण शिकणाऱ्याची अनुज्ञप्ती संपलेली असते. मुदत संपल्यावर नवी शिकाऊ अनुज्ञप्ती हाती येईपर्यंत त्या व्यक्तीने एक दिवसही वाहन हाती घेऊ नये.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा ५ जानेवारी २००४ रोजीचा निकाल मार्गदर्शक आहे. नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्णसिंह या नावाने तो ओळखला जातो. सरन्यायाधीश वि. ना. खरे, न्यायमूर्ती धर्माधिकारी आणि न्यायमूर्ती सिन्हा यांच्या पीठाने त्यात अनुज्ञप्तीविषयीच्या अनेक प्रश्नांचा निर्णय केला. शिकाऊ अनुज्ञप्ती हीदेखील कायद्याने दिलेली अनुज्ञप्तीच आहे. ती धारण करणाऱ्याच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनीस त्रयस्थाची भरपाई द्यावी लागेल, असे न्यायालयाने स्पष्ट केले. चालकाजवळ अनुज्ञप्ती नव्हती एवढे दाखवून कंपनीची सुटका होत नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हेही कंपनीने सिद्ध केले पाहिजे, असेही या निकालात म्हटले आहे.

परंतु याच निकालाची दुसरी बाजू मोटारमालकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. मालकाने अट मोडल्याचे सिद्ध झाले तरी जखमी माणसाला वाऱ्यावर सोडता येत नाही. म्हणून अशा प्रकरणी कंपनीने आधी भरपाई द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. मालकाने तीस दिवसांत रक्कम भरली नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे ती वसूल करता येते.

याचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने अधिक उघड होईल. समजा, वारासिवनीजवळच्या एका शेतकऱ्याने मोटार घेतली आहे आणि विमाही वेळेवर भरला आहे. मुलाच्या शिकाऊ अनुज्ञप्तीची मुदत संपून आठ दिवस झाले आहेत. वडिलांना ते ठाऊक आहे, तरी ‘जवळच तर जायचे आहे’ म्हणून ते किल्ली देतात. वळणावर एका सायकलस्वाराला धडक बसून तो कायमचा अपंग होतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याला काही लाखांची भरपाई मंजूर करते. कंपनी ती त्याला देते. पण त्यानंतर मागणी येते ती शेतकऱ्याकडे. वर्षानुवर्षे विम्याचे हप्ते भरलेले असतानाही ज्या जमिनीत धान पिकते तिच्यावरच बोजा येण्याची पाळी येते. आठ दिवसांच्या ढिलाईचे हे मोल आहे.

सोबत बसणाऱ्या शिक्षकाचाही विचार झाला पाहिजे. विमापत्रे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. कायद्याने सक्तीचा असलेला केवळ त्रयस्थ जोखमीचा विमा हा एक आणि स्वतःच्या वाहनाचे नुकसानही भरून देणारा सर्वंकष विमा हा दुसरा. खाजगी मोटारीत बसलेल्या व्यक्तींना पहिल्या प्रकारच्या विम्याचे संरक्षण मिळत नाही, सर्वंकष विम्याचे मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात सांगितले आहे. म्हणजे भाचीला मोटार शिकविण्यासाठी शेजारी बसलेला मामा जखमी झाला आणि मोटारीचा विमा केवळ त्रयस्थ जोखमीचा असला, तर त्या विमापत्रावर त्याला काही मिळण्याची आशा नसते. घरच्या मोटारीवर कोणी शिकणार असेल तर त्या वर्षी तरी सर्वंकष विमा घेणे शहाणपणाचे ठरते.

मालक-चालकासाठी असलेल्या १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्याबद्दलही गैरसमज आढळतो. हे संरक्षण वाहनाच्या नोंदणीकृत मालकापुरते आहे. मोटार वडिलांच्या नावाची असेल तर ती चालविणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ते आपोआप लागू होत नाही. मोटारीतील इतर व्यक्तींसाठी जादा हप्ता भरून असे संरक्षण घेता येते. शिकाऊ चालकाच्या बाबतीत थोड्या पैशांत जी पुरवणी खरोखर उपयोगी पडते ती हीच.

घरच्या मोटारीवर शेजाऱ्यापाजाऱ्यांना पैसे घेऊन शिकविणे मात्र टाळावे. खाजगी मोटारीचे विमापत्र मोबदल्यासाठी केलेल्या वापराला लागू नसते. त्यासाठी परवानाधारक मोटार प्रशिक्षण शाळा आहेत. त्यांच्या मोटारींना शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो. खाजगी वाहनाच्या चालकासाठी नियमांनी किमान २१ दिवसांचे प्रशिक्षण व त्यात प्रत्यक्ष वाहन चालविण्याचे किमान १० तास ठरवून दिलेले आहेत. शाळेत नाव घालताना त्या मोटारीचे विमापत्र पाहावयास मागण्यात संकोच नसावा.

आणखी एक गोष्ट धानाच्या या पट्ट्यात विशेष सांगण्याजोगी आहे. येथील पुष्कळ मुले मोटारीच्या आधी ट्रॅक्टरवर हात बसवितात. ट्रॅक्टर हेही मोटार वाहनच आहे. बांध सोडून तो रस्त्यावर आला की विमा, अनुज्ञप्ती आणि वय यांचे सर्व नियम लागू होतात. अठरा वर्षांखालील मुलाला मोटार किंवा ट्रॅक्टरची शिकाऊ अनुज्ञप्ती मिळत नाही. अशा मुलाच्या हातून वाहन चालविताना गुन्हा घडल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. मुलगा हुशार आहे, हा बचाव न्यायालयात चालत नाही.

दुर्दैवाने अपघात घडलाच तर पळून जाणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. जखमीस त्वरित वैद्यकीय मदत मिळवून देणे, चोवीस तासांच्या आत पोलिसांना खबर देणे आणि विमापत्राचा क्रमांक, अपघाताची वेळ व स्थळ, जखमींची माहिती आणि चालकाच्या अनुज्ञप्तीचा तपशील विमा कंपनीला कळविणे, ही कर्तव्ये कायद्याच्या कलम १३४ ने चालकावर घातली आहेत. शिकाऊ चालकाची भीती कमी करण्यासाठी शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांनी तरी यात पुढाकार घ्यावा. ऐनवेळी चालक बदलल्याचे सांगून शिकाऊ मुलाला झाकण्याचा मोह होतो. ते खोटे उघडकीस आले तर एरवी मंजूर झाला असता असा दावाही धोक्यात येतो.

चाचणीच्या दिवशी उमेदवाराला त्याच प्रकारचे वाहन घेऊन जावे लागते. त्या दिवशीही चाचणीच्या जागेपर्यंत मोटार पक्के लायसन असलेल्याने न्यावी, किंवा उमेदवाराने शिक्षकाला शेजारी बसवून आणि पाटी लावूनच चालवावी. परीक्षा उत्तीर्ण होण्यापूर्वीचा शेवटचा किलोमीटर हादेखील शिकाऊपणाचाच असतो. सोबत शिकाऊ अनुज्ञप्ती, नोंदणी प्रमाणपत्र, विमापत्र आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र असावे.

बैहरकडे चढणाऱ्या घाटात असो वा गोंदियाच्या सरळ रस्त्यावर असो, नवशिक्याच्या हातून चूक होणे अस्वाभाविक नाही. त्या चुकीचे ओझे एका कुटुंबावर पडू नये आणि जखमी माणूसही निराधार होऊ नये, यासाठी विम्याची योजना आहे. म्हणून मोटारीची किल्ली मुलाच्या किंवा मुलीच्या हाती देण्यापूर्वी घरातील कर्त्या माणसाने चार गोष्टी डोळ्यांखालून घालाव्यात: विम्याची अखेरची तारीख, शिकाऊ अनुज्ञप्तीची अखेरची तारीख, शेजारी बसणाऱ्याचे लायसन आणि पुढची-मागची पाटी. या तपासणीला पाच मिनिटे पुरतात, आणि पैसा तर काहीच लागत नाही. ही सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी, एवढीच या प्रसंगी सर्वांना विनंती आहे.