सिझर? आधी कारण विचारा

आज माझ्याच डिलिव्हरीची गोष्ट.

आम्ही चाकणला राहतो, नवरा एमआयडीसीत शिफ्टला. ३९वा आठवडा चालू होता. डॉक्टर म्हणाले, "सोमवारी सिझर करून टाकू." मी विचारलं, "कारण?" तर म्हणे, "उगाच रिस्क कशाला!"

फाईल घेऊन पिंपरीला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. बीपी, पाणी, बाळाचे ठोके, सगळं ठीक. "थांबू या. पण हालचाल कमी वाटली किंवा पाणी गेलं, तर लगेच या." चार दिवसांनी कळा सुरू झाल्या. पहाटेची वेळ, तळेगाव चौक मोकळा मिळाला, नशीब! बारा तासांनी लेक झाली. नॉर्मल.

माझ्या जावेच्या वेळी मात्र ऐन कळांमध्ये बाळाचे ठोके घसरले. लगेच सिझर केलं, म्हणून दोघं सुखरूप आहेत. तेव्हा वाद घालायचा नसतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात सरकारी दवाखान्यांत १०० बाळंतपणांमागे साधारण १४ सिझर, खासगीत ४७. म्हणून घाई नसेल तेव्हा शांतपणे विचारा: का? थांबलो तर काय होईल?

विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. चला, भेटू पुढच्या भागात!