‘ओके’ आणि ‘बरं’
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषापंडिता नव्हे. पण एका शब्दाने माझा पिच्छा पुरविला आहे, तो आज आपल्यापुढे ठेवते. तो शब्द म्हणजे ‘ओके’.

हा शब्द जन्मला तोच थट्टेतून. १८३९ साली अमेरिकेतील बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सारे ठीक’, हे शब्द मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने धरून त्यांची आद्याक्षरे छापली. पुढच्याच वर्षी तेथील अध्यक्षीय निवडणुकीत त्यांची घोषणा झाली आणि शब्द टिकला. आज मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत तो लहानथोरांच्या तोंडी आहे. ट्रकच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ला २०१५ साली राज्य सरकारने मनाई केली, तोंडातल्या ‘ओके’ला कोण करणार?

याच रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, १९२४ ते १९३७ या काळात, सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. ‘दिनांक’, ‘महापौर’ हे त्यांचेच शब्द. ‘ओके’साठी मात्र नवा शब्द घडवायला नको, आपले ‘बरं’ आहेच. पण तेही कुठे सरळ आहे? ‘बरं’ म्हणजे होकार, ‘बरं बरं’ म्हणजे पुरे झाले, आणि सासूबाईंचे लांबविलेले ‘बऽऽरं’ म्हणजे काय, ते आपण सर्वजणी जाणतोच! सारा अर्थ सुरात.

माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरला, तेव्हा मुंबईच्या लेकीला मी फोनवर चार ओळी लिहून पाठविल्या. उत्तर आले, ‘ओके’. दोन अक्षरे! मनात म्हटले, झाले, आता आई जड झाली. रात्री घास उतरला नाही. पहाटे दार वाजले. उघडते तो लेक पिशवी घेऊन दारात!

“अगं, ओके लिहिलं ना मी? म्हणजे येतेच!”

मी माझा राग बोलून दाखविला. तशी तिने मुकाट्याने मला माझाच जुना निरोप दाखविला. तिची नोकरी गेल्याचे तिने कळविले होते, तेव्हा मी लिहिले होते, ‘बरं’. तीही दोनच अक्षरे!

तेव्हा भगिनींनो, शब्द इंग्रजी की मराठी, एवढ्याने भागत नाही. समोरासमोर सूर असतो, चेहरा असतो; लिहिताना यातले काहीच नसते. म्हणून त्या दोन अक्षरांपुढे ‘येते हं’, ‘काळजी करू नकोस’, एवढे तरी लिहावे. आम्ही मायलेकी आता लिहितो.