यंत्राची मूठ

वस्तु पकडणें सोपें वाटतें. परंतु मूठ सैल पडली तर वस्तु निसटते, फार आवळली तर चिरडते. मनुष्याचा हात हा तोल बालपणींच शिकतो. यंत्राला किती दाबावें हें मोजून ठरवून द्यावें लागतें. १९६१ सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या कारखान्यांत 'युनिमेट' हा यंत्रमानव तापलेले ओतीव भाग उचलूं लागला, आणि कामगारांचे हात भाजण्यापासून वांचले.

अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० सालीं सुरू झाला. साखर कारखान्यांत गाडींतला ऊस आतां लोखंडी पंजा कवेंत घेऊन उचलतो. फडांत वाकून कोयता चालविणारा हात मात्र बहुतांशीं अजून माणसाचाच आहे. तेथेंही तोडणीयंत्रें येत आहेत. त्या हातांना दुसरें काम कोणतें, याचा विचार आधीं झाला पाहिजे.