काय दिसले?



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते धडा संपला की पुस्तक मिटून आम्हांस विचारीत, "काय दिसले?" या प्रश्नाचा अर्थ मला फार उशिरा उमगला; तोही आपल्याच वडोदऱ्यातील महाराजा फतेसिंह संग्रहालयात.

सयाजीराव महाराजांनी १८८८ साली राजा रविवर्मा यांस चौदा पौराणिक चित्रे काढावयास सांगितली, हे आपणांस ठाऊक आहेच. 'सीताभूमिप्रवेश' हे चित्र त्याआधीचे, १८८० चे. त्यासमोर मी नातीसह उभा होतो. धरणीमाता सीतेला कवेत घेऊन निघाली आहे आणि व्याकूळ राम हात पुढे करीत आहे.

मी सवयीने बोलू लागलो. भवभूतीने 'उत्तररामचरिता'च्या शेवटी राम-सीतेचे मीलन घडविले. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात मात्र सीता भूमीत जाते. चित्रकाराने हा दुसरा शेवट निवडला, वगैरे. नातीने मध्येच विचारले, "आजोबा, रामाने हात आधी का नाही पुढे केला?"

मी निरुत्तर झालो. उत्तरकांडात राम सीतेला भरसभेत शपथ घ्यावयास सांगतो, आणि त्या शपथेनेच भूमी दुभंगते. हात पुढे येतो तो त्यानंतर. करुणरसाचे विवेचन करताना मी जन्मभर ज्या जागेला वळसा घातला, तेथे त्या मुलीने नेमके बोट ठेवले होते.

कवी घटना क्रमाने सांगतो. चित्रकाराला एकच क्षण मिळतो. म्हणूनच चित्र आपणांस 'याआधी काय घडले?' असे विचारावयास लावते, आणि उत्तरासाठी पुन्हा ग्रंथाकडे धाडते.

एक कबुली देतो. माझ्या वर्गात एका विद्यार्थ्याने दमयंतीचे कॅलेंडरवरील चित्र आणले होते. "साहित्य शब्दांत असते," असे म्हणून मी ते परत ठेवावयास लावले. त्या मुलाची आज क्षमा मागतो.

माझी नात मराठी शाळेत शिकत नाही. पण त्या सायंकाळी ती आपणहून म्हणाली, "ती गोष्ट मराठीतूनच सांगा."

शाळेला माझी एवढीच विनंती आहे : वर्षातून एकदा मुलांना त्या दालनात न्यावे, परतल्यावर ग्रंथ उघडावा, आणि गुरुजींचाच प्रश्न विचारावा.